कोणती गाडी मोडावी?

चालू स्थितीतले इंजिन मुद्दाम कसे मारतात, हे मी काही वर्षांपूर्वी एका चित्रफितीत पाहिले. गाडीच्या इंजिनमधले ऑइल खाली काढून टाकले जाते. त्याच्या जागी सोडियम सिलिकेटचे, म्हणजे द्रवरूप काचेचे, पाण्यासारखे दिसणारे द्रावण ओततात आणि मग इंजिन सुरू करून मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर तसेच चालू ठेवतात. इंजिन तापते तसे द्रावणातले पाणी उडून जाते आणि मागे उरलेली काच बेअरिंगांमध्ये, पिस्टनभोवती आणि जिथे जिथे ऑइलचा पातळ थर असायला हवा तिथे तिथे धरू लागते. आधी आवाज जड होतो, मग खडखड ऐकू येते, मग गाडी अंगातून हादरते आणि थांबते. नियम असा होता की, इंजिन थोडे निवल्यावर पूर्ण भारलेली बॅटरी लावून ते पुन्हा सुरू करून पाहायचे, आणि सुरू झालेच तर सगळी प्रक्रिया पुन्हा करायची. मी पाहिलेल्या इंजिनाला बंद पडायला बराच वेळ लागला. ते चांगले इंजिन होते.

हे कोणा माथेफिरूचे काम नव्हते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००९ साली जुन्या गाड्या बदलून नव्या घेण्यासाठी अनुदान दिले, तेव्हा प्रत्येक जुन्या गाडीचे इंजिन असेच निकामी करावे आणि १८० दिवसांच्या आत गाडी दाबून किंवा तुकडे करून भंगारात काढावी, अशी अटच होती. लोक त्या योजनेला ‘कॅश फॉर क्लंकर्स’ म्हणत; खटाऱ्याला रोख पैसे, असा त्याचा अर्थ. जुन्या गाडीवर सरकारने पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न माझ्या मनात त्या चित्रफितीपासून घर करून राहिला आहे. नंतर माझी स्वतःची जुनी गाडी देण्याची वेळ आली तेव्हा त्याचे उत्तरही मला बरेचसे सापडले.

आधी योजनेविषयी. कल्पना नवी नव्हती, पण तिला बळ मिळाले ते अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी जुलै २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिची बाजू मांडल्यावर. जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या सरकारने विकत घेऊन मोडीत काढाव्यात. त्यातून हवा सुधारेल, मंदीत बाजाराला चालना मिळेल आणि अशा गाड्या बहुधा गरिबांकडे असल्यामुळे पैसाही त्यांच्याच हाती जाईल, असे हे तिहेरी गणित होते. ऐकायला ते इतके नेटके वाटते की, त्याला विरोध करणारा माणूसच हेकट ठरावा. पुढच्याच वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मोटारउद्योगाला सावरण्याची निकड इतकी वाढली की, जून २००९ मध्ये कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली.

कायदा झाला खरा, पण मूळ कल्पनेतला एक धागा त्यात निसटला होता. अनुदान मिळत होते साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर, आणि तेही फक्त नवी कोरी गाडी घेणाऱ्याला. ज्याच्याकडे खरोखर शेवटच्या घटका मोजणारी गाडी असते, तो नवी गाडी घेऊ शकत नाही. घेऊ शकला असता तर तशी गाडी त्याने इतके दिवस वापरलीच नसती. त्यामुळे योजनेचा लाभ घ्यायला आले ते बरी मिळकत असलेले, दारात मोठी पण धडधाकट गाडी असलेले लोक. शंभर कोटी डॉलर आठवडाभरातच संपत आले, घाईघाईने आणखी दोनशे कोटी मंजूर झाले, आणि नोव्हेंबरपर्यंत चालेल असे वाटलेली योजना २४ ऑगस्टला बंद करावी लागली. तोवर सुमारे ६ लाख ७८ हजार गाड्या बदलल्या गेल्या होत्या आणि सुमारे २८५ कोटी डॉलर खर्च झाले होते, म्हणजे गाडीमागे सरासरी ४२०० डॉलर. विक्रेत्यांच्या दारात रांगा लागल्या होत्या, आणि त्या रांगा पाहून योजना यशस्वी झाली असे जाहीरही झाले.

रांग लागणे आणि योजना उपयोगी पडणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. फुकट वाटप असेल तिथे रांग लागतेच. खरा प्रश्न असा असतो की, ही रांग वाटपाशिवाय लागली नसती का? हे शोधणे अवघड असते, कारण न घडलेली गोष्ट मोजता येत नाही. पण या योजनेतल्या एका अटीने ते शक्य केले. गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी ॲव्हरेज असलेली गाडीच अनुदानाला पात्र होती. १९ मैल देणाऱ्या गाडीच्या मालकाला काहीच मिळत नव्हते. अठरावाला आणि एकोणीसवाला यांच्या मिळकतीत, गरजेत, स्वभावात असा कितीसा फरक असणार? मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट या संशोधकांनी नेमके हेच दोन गट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की, अनुदानाचा जवळजवळ ६० टक्के वाटा अशा कुटुंबांना गेला, जी त्या दोन महिन्यांत तशीही नवी गाडी घेणारच होती. उरलेल्यांनी आपली खरेदी फार तर आठ महिने अलीकडे ओढली होती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. इंधन वाचवण्याच्या अटीमुळे लोकांनी लहान, स्वस्त गाड्या घेतल्या, सरासरी पाच हजार डॉलरनी स्वस्त. त्यामुळे दहा महिन्यांचा हिशेब केला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च वाढण्याऐवजी घटला. मोटारउद्योगाकडे पैसा वळवण्यासाठी सरकारने पैसा ओतला आणि त्या उद्योगाकडे आधीपेक्षा कमी पैसा गेला. हवा आणि बाजार ही दोन कामे एकाच अनुदानाला जुंपली की, ती एकमेकांना कशी मागे ओढतात याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी वेगळ्या वाटेने जाऊन हेच तपासले. पात्र गाड्या जास्त असलेली शहरे आणि कमी असलेली शहरे यांची त्यांनी तुलना केली. योजनेमुळे त्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ७० हजार जास्तीच्या गाड्या विकल्या गेल्या, हे त्यांनाही दिसले. पण पुढच्या सात महिन्यांत, म्हणजे मार्च २०१० पर्यंत, जवळजवळ तेवढ्याच गाड्या कमी विकल्या गेल्या आणि हिशेब पुन्हा होता तिथे आला. रोजगारावरही त्यांना ठळक परिणाम आढळला नाही.

इतर देशांचा अनुभव याहून वेगळा नाही. फ्रान्समध्ये १९९४ पासून आधी पंतप्रधान बालादूर आणि मग ज्युपे यांच्या काळात अशी अनुदाने देण्यात आली. ती संपल्यावर १९९७ मध्ये नव्या गाड्यांची विक्री वर्षाला सुमारे २१ लाखांवरून १७ लाखांपर्यंत घसरली. जर्मनीने २००९ साली नऊ वर्षांहून जुन्या गाडीमागे २५०० युरो दिले, आधी ठरवलेले दीडशे कोटी युरो वाढवत पाचशे कोटींवर नेले आणि जवळजवळ वीस लाख गाड्यांना ते वाटले. त्या वर्षी तिथे ३८ लाख नव्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि पुढच्या वर्षी फक्त २९ लाख. जर्मनीने इंजिन निकामी करण्याची सक्ती केली नव्हती, तेव्हा भंगारात जमा दाखवलेल्या काही गाड्या चोरवाटांनी परदेशात विकल्या गेल्याचे उघडकीला आले. अमेरिकेतली ती काचेची अट कशासाठी होती, ते यावरून कळते. पैसे घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये, यासाठी ती होती आणि त्या दृष्टीने ती योग्यच होती. माझा आक्षेप अटीला नाही. ती अट कोणत्या गाडीला लावली, याला आहे.

इथे योजनेच्या बाजूचेही न्यायाने पाहिले पाहिजे. खरेदी आठ महिने अलीकडे ओढली गेली, तर त्याचा काहीच उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. कारखाना बंद पडण्याच्या बेतात असताना पुढच्या वर्षीची मागणी आज मिळणे म्हणजे बुडत्याला काठी मिळण्यासारखेच आहे. तेवढ्या आठ महिन्यांत बँका सावरू शकतात, कामगार टिकू शकतात. मंदी थोडक्या काळाची आहे आणि तो काळ ओलांडायचाच आहे, एवढाच हेतू असता, तर मी या खर्चाला इतका विरोध केला नसता. पण मग ते तसे स्पष्ट सांगायला हवे होते, आणि त्यासाठी चांगली यंत्रे फोडण्याची गरजही नव्हती. हवा शुद्ध करण्याच्या नावाने हा खर्च मागितला गेला, म्हणून हवेच्या बाजूनेच तो तपासायला हवा.

तो हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो. या योजनेत दिलेल्या गाड्यांचे सरासरी ॲव्हरेज लिटरला सुमारे ६.७ किलोमीटर होते, घेतलेल्यांचे सुमारे १०.६. वर्षाला १६ हजार किलोमीटर धरले, तर दर वर्षी सुमारे ८८० लिटर पेट्रोल वाचते. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला दोन टन. जुनी गाडी आणखी पाच वर्षे चालली असती असे उदारपणे मानले तर दहा टन. ४२०० डॉलरला दहा टनांनी भागले की, टनामागे ४२० डॉलर येतात. यात नवी गाडी बनवताना होणारे प्रदूषण धरलेले नाही, आणि तशीही गाडी बदलणार होते ते लोकही वगळलेले नाहीत. शान्जुन ली, जोशुआ लिन आणि एलिशेबा स्पिलर यांच्या अधिक बारकाईच्या हिशेबात, इतर विषारी वायूंमधली घट जमेस धरूनही, हा आकडा टनामागे ९२ ते २८८ डॉलर निघाला. त्याच सुमारास, २०१० साली, अमेरिकी सरकार स्वतः एका टन कार्बन डायऑक्साइडचे नुकसान साधारण २१ डॉलर धरत होते.

शिवाय बक्षिसाची वाटणीही चुकलेली होती. मोटारींच्या बाबतीत नवी गाडी गॅलनला किमान दहा मैल जास्त देत असेल तर साडेचार हजार, आणि चार ते नऊ मैलांचा फरक असेल तर साडेतीन हजार, असा नियम होता. वरवर पाहता जास्त सुधारणेला जास्त पैसे, हे बरोबरच दिसते. पण १८ मैलांवरून २८ मैलांवर गेलेला माणूस वर्षाला सुमारे ७५० लिटर वाचवतो आणि त्याला साडेचार हजार मिळतात. १३ मैलांवरून २२ मैलांवर आलेला माणूस सुमारे १२०० लिटर वाचवतो आणि त्याला मात्र साडेतीन हजार. गाडी जितकी जास्त पेट्रोल पिणारी, तितकी तिच्यातली छोटी सुधारणाही मोठी ठरते. पण ॲव्हरेजच्या आकड्यात ते दिसत नाही, किलोमीटरमागे किती लिटर जळते या आकड्यात दिसते. ही चूक आपण सगळेच करतो, मीही गाडी घेताना कित्येकदा केली आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी ती करायला नको होती.

आणि सर्वांत मोठी गोम वयाच्या अटीत होती. २५ वर्षांहून जुनी गाडी या योजनेत चालतच नव्हती. विषारी वायूंचा मोठा वाटा थोड्याशाच गाड्यांतून येतो, आणि त्या बहुधा सर्वांत जुन्या, नाहीतर अजिबात देखभाल नसलेल्या असतात. धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अमेरिकेत आला तो १९७५ पासून. त्याच्या आधीच्या गाड्यांना योजनेचे दार बंद आणि कन्व्हर्टर असलेल्या, तुलनेने स्वच्छ गाड्यांच्या इंजिनांत मात्र काच ओतायची. याच्या उलट, १९९० मध्ये युनोकल या तेलकंपनीने लॉस एंजेलिसच्या परिसरात १९७१ पूर्वीच्या आठ हजारांहून अधिक गाड्या प्रत्येकी ७०० डॉलरना विकत घेऊन मोडीत काढल्या होत्या. तिथे नवी गाडी घेण्याची अट नव्हती. पैसे कमी होते, गाड्या थोड्या होत्या, पण मोडायची ती गाडी त्यांनी बरोबर निवडली होती.

आता माझ्या गाडीविषयी. ती मी चौदा वर्षे चालवली. क्लचच्या पेडलचे रबर माझ्या बुटाच्या आकाराने एका बाजूला झिजले होते, डाव्या दरवाजाच्या खाली एक जुना पोचा होता आणि काच खाली करताना तिला हाताने थोडा आधार द्यावा लागे. इंजिन मात्र ठणठणीत होते, कारण ऑइल बदलण्याची तारीख मी कधी चुकवली नाही. नवी गाडी घ्यायची ठरले, तेव्हा जुनी कोणाला द्यायची हा प्रश्न होता. ती घ्यायला आली एक परिचारिका, रात्रपाळी करणारी. रंग, सीट, गाणी वाजवण्याची सोय यांतले तिने काहीच विचारले नाही. बॉनेट उघडायला लावून ती म्हणाली, “पहाटे एका झटक्यात सुरू होते ना? मला बाकी काही नको.”

ती ज्या गाडीतून आली होती, ती बावीस वर्षांची होती. ती सुरू केली की, मागून निळसर धूर येई. निळा धूर म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळते आहे, पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी ती ऑइलचा डबा आणून थोडे थोडे वरून ओतत होती. डिकीत तसा एक अर्धा डबा कायम ठेवलेला होता, झाकणाला फडके गुंडाळलेला. रिंगा बदलायच्या तर खर्च त्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि नव्या गाडीचे तर तिने नावही काढले नाही. माझी गाडी तिने घेतली आणि पुढच्या आठवड्यात आपली वजनावर भंगारात दिली. या सगळ्यात सरकारचा एक पैसाही खर्च झाला नाही.

जर्मनीसारखी अट लागू असती, तर काय झाले असते हे मी नंतर मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. माझी गाडी नऊ वर्षांहून जुनी होती आणि मी नवी घेणारच होतो, तेव्हा अनुदान मला मिळाले असते. ते माझ्या खिशात गेले असते, कारण माझा निर्णय त्याच्यावर अवलंबून नव्हता. माझी ठणठणीत गाडी मोडली गेली असती. परिचारिकेला त्या पैशात परवडणारी बरी गाडी मिळायची एक शक्यता बाजारातून कायमची कमी झाली असती, आणि तिची निळा धूर सोडणारी गाडी पहाटे चार वाजता रुग्णालयाच्या दारातून तशीच निघत राहिली असती. म्हणजे हवेसाठी दिलेल्या पैशाने हवेची होऊ घातलेली सुधारणा थांबवली असती.

गाड्यांची एक साखळी असते. नवी गाडी घेणाऱ्याची जुनी दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि शेवटी जी कोणालाच नको असते ती भंगारात जाते. प्रत्येक पायरीवर कोणाला तरी आधीच्यापेक्षा बरी गाडी मिळते. अनुदानाच्या या योजना साखळीचा पहिलाच दुवा तोडतात आणि शेवटचा दुवा आहे तसाच ठेवतात. वास्तविक सरकारला पैसे द्यायचेच असतील, तर ते शेवटच्या दुव्याला द्यावेत. धुराच्या तपासणीत जी गाडी सर्वांत वाईट निघेल, तिच्या मालकाला पैसे द्यावेत, आणि त्यावर नव्या गाडीची अट घालू नये. त्या पैशातून त्याने माझ्यासारख्याची दहा-बारा वर्षांची, तपासणीत उत्तीर्ण होणारी गाडी घ्यावी, बसचा पास काढावा किंवा आहे त्याच इंजिनाच्या रिंगा बदलून घ्याव्यात. धूर थांबला की झाले. मोटारींची विक्री त्यामुळे फारशी वाढणार नाही, हे मला मान्य आहे. त्या उद्योगाला मदत करायची असेल तर ती वेगळ्या खात्यातून, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या हिशेबाने करावी.

मध्यंतरी त्या परिचारिकेचा फोन आला होता. काच अडकते तेव्हा नेमका कुठे हात लावायचा, हे मी तिला दाखवायचे विसरलो होतो. मी ते सांगितले आणि मग न राहवून विचारले, ऑइल किती दिवसांनी घालावे लागते. ती म्हणाली, “अजून तरी वरून घातलेच नाही.”